उनाडांचं रिंगण

ब्राझीलच्या साल्वादोर शहरात एकोणिसावं शतक संपता संपता दहा वर्षांचा एक काटकुळा मुलगा रोज मार खात होता. घरून कामाला पाठवलं की वाटेत ओनोरातो नावाचा थोराड पोरगा त्याला गाठायचा आणि बडवून काढायचा. एका घराच्या खिडकीतून बेनेदितो नावाचा म्हातारा आफ्रिकन हे रोज बघत असे. एक दिवस त्यानं पोराला वर बोलावलं. तो तुझ्याहून मोठा आहे, ताकदीनं तू त्याला पुरा पडायचा नाहीस. पतंग उडवण्यात घालवतोस तेवढा वेळ माझ्या खोपटात येत जा, काहीतरी कामाचं शिकवतो, असं तो म्हणाला. पोरगा जाऊ लागला. पुढे ओनोरातोनं पुन्हा वाट अडवली तेव्हा एकच फटका पुरला, आणि गंमत म्हणजे त्यानंतर दोघांची मैत्री झाली.

हा मुलगा म्हणजे विसेंते फेरेरा पास्तिन्या. बाप स्पॅनिश दुकानदार, आई बाईया प्रांतातली कृष्णवर्णीय बाई. म्हातारपणी हा किस्सा तो स्वतःच रंगवून सांगायचा, त्यामुळे त्यात थोडं तिखटमीठ असेलही. पण बेनेदितोनं त्याला दिलेली वस्तू खरी होती, तिचं नाव कापोएरा. नाच म्हणावा तर त्यात लाथा आहेत, कुस्ती म्हणावी तर त्यात गाणं आहे, खेळ म्हणावा तर हारजीत नाही. आणि त्या काळी रस्त्यावर तो खेळणं हा तुरुंगात टाकण्याजोगा गुन्हा होता.

आज जगभरात बेघर आणि रस्त्यावरच्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था कापोएराकडे वळतात. तबला, फुटबॉल, चित्रकला यांसारखंच हेही एक साधन, असं त्याकडे पाहिलं जातं. पण इतिहास चाळला की ही मांडणी उलटी वाटू लागते. कापोएरा रस्त्यावरच्या पोरांना कुणी नेऊन दिलेला नाही. तो त्यांचाच होता. सरकारनं तो आधी हिसकावून घेतला, मग धुऊनपुसून भल्या घरच्या मुलांना दिला, आणि पोरांकडे तो परत यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

*

ब्राझीलमध्ये चाळीस लाखांहून अधिक आफ्रिकन माणसं गुलाम म्हणून उतरवली गेली. अमेरिका खंडातल्या दुसऱ्या कुठल्याही देशात एवढी माणसं आणली गेली नाहीत. त्यातली कितीतरी अंगोला आणि कॉंगोच्या किनाऱ्यावरची. त्यांच्या नाचांतून, झुंजीच्या खेळांतून आणि बंदरातल्या हमालांच्या मारामाऱ्यांतून कापोएरा घडत गेला. शब्दाच्या व्युत्पत्तीवर पंडितांचं एकमत नाही. कुणी म्हणतं, तो तुपी भाषेतला, झाडी तोडून मोकळ्या केलेल्या रानाचा शब्द. कुणी म्हणतं, पोर्तुगीजात कापोएरा म्हणजे कोंबड्यांचं खुराडं. बाजारात कोंबड्यांच्या पाट्या वाहणारे गुलाम धनी येईपर्यंत जो खेळ खेळत, त्याला पाटीचंच नाव पडलं.

सरकारी कागदात हा शब्द फार लवकर येतो आणि येतो तो आरोप म्हणूनच. १७८९ साली रिओ द जानेरोत एका गुलामाला कापोएरा खेळतो म्हणून पकडलं, त्याला पाचशे फटके आणि दोन वर्षं सार्वजनिक बांधकामावर मजुरी अशी शिक्षा झाली. १८०८ मध्ये नेपोलियनच्या धास्तीनं पोर्तुगालचा सारा दरबार जहाजांत बसून रिओला आला आणि त्याच्या मागोमाग पोलीस खातंही आलं. त्या खात्यातला मेजर विदिगाल कापोएरा खेळणाऱ्यांचा कर्दनकाळ. त्याच्या हातून मिळणाऱ्या माराला लोकांनी ‘कोळंबीचं जेवण’ असं नाव दिलं होतं. सोललेल्या कोळंबीसारखी लाल झालेली पाठ डोळ्यांपुढे आणली की हे नाव का पडलं ते कळतं.

१८३५ साली जर्मन चित्रकार रुगेंदास यानं छापलेल्या चित्रात दोन माणसं समोरासमोर झुलताना दिसतात, शेजारी एक जण ढोलावर बसलाय, भोवती बघे. चित्र गोड आहे. पोलिसांच्या वह्यांमधलं रिओ तितकं गोड नव्हतं. तिथे टोळ्या होत्या. शतकाच्या उत्तरार्धात नागोआ आणि ग्वायामू हे दोन मोठे गट सारं शहर वाटून घेऊन बसले. निवडणुकीत राजकीय पुढारी त्यांना भाड्यानं वापरत आणि पॅराग्वेच्या युद्धात त्यांच्यातल्या अनेकांना पकडून फौजेत कोंबलं गेलं.

आणि या टोळ्यांच्या पुढे पोरं चालायची. मिरवणूक असो, लष्करी बँड असो, टोळी यायच्या आधी दहा-बारा वर्षांची मुलं उड्या मारत, कोलांट्या घेत, प्रतिस्पर्ध्यांना वाकुल्या दाखवत पुढे धावायची. त्यांना ‘काशिंगेले’ म्हणत. काशिंगेले म्हणजे खार. ही उमेदवारी होती. सुताराकडे पोरगं राहतं तशी.

ही पोरं कुणाची होती? उत्तराचा एक भाग १८७१ च्या कायद्यात सापडतो. त्या वर्षी ब्राझीलनं जाहीर केलं की यापुढे गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मणारं मूल स्वतंत्र. ऐकायला भव्य. खाली बारीक अक्षरात असं, की मूल आठ वर्षांचं होईपर्यंत मालकाकडेच राहील, आणि त्यानंतर मालकाची मर्जी असेल तर एकविसाव्या वर्षापर्यंत तो त्याच्याकडून काम करून घेईल. आई गुलाम, मूल ‘स्वतंत्र’. १३ मे १८८८ रोजी गुलामगिरी पूर्णपणे उठली. सुटलेल्यांना जमीन मिळाली नाही, घर मिळालं नाही, शाळाही नाही. रस्ता तेवढा मिळाला.

रस्त्यावर काय करायचं नाही, हे सांगायला मात्र सरकारनं उशीर केला नाही. १८८९ मध्ये राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं. नवा पोलीसप्रमुख सांपायो फेराझ यानं रिओतले कापोएरा खेळणारे धरधरून समुद्रातल्या फर्नांदो द नोरोन्या बेटावर हद्दपार केले. एका सरदाराचा लाडावलेला मुलगाही या धरपकडीत सापडला, तेव्हा मंत्रिमंडळात खडाजंगी झाली. गरिबाची शेकडो पोरं गेली तेव्हा कुणा मंत्र्याच्या कपाळावर आठी पडली नव्हती. ११ ऑक्टोबर १८९० रोजी नवी दंडसंहिता आली. तिच्या तेराव्या प्रकरणाचं शीर्षकच ‘भटके उनाड आणि कापोएरा यांविषयी’ असं होतं. कलम ४०२ नुसार रस्त्यात किंवा चौकात कापोएरा खेळणाऱ्याला दोन ते सहा महिने कैद, टोळीच्या म्होरक्याला दुप्पट, आणि पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत दंडवसाहत. त्याच प्रकरणात, ज्याला राहायला घर नाही आणि पोटापाण्याचा धंदा नाही, तो उनाड म्हणून गुन्हेगार. चौदा वर्षांवरचं उनाड पोरगं सापडलं तर औद्योगिक सुधारगृहात, वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत. अगदी नऊ वर्षांच्या मुलालाही, त्याला समज होती असं ठरलं तर, ही दंडसंहिता दोषी धरू शकत होती.

मराठी वाचकाला हे ऐकून दुसरंच काही आठवेल. ब्राझीलच्या त्या १८७१ सालीच इंग्रजांनी हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. दोरीवर चालणारी, कोलांट्या मारणारी, रस्त्यावर खेळ करणारी माणसं त्याच्या जाळ्यात आली. स्वातंत्र्यानंतर तो गेला, पण १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यानं भिकेची व्याख्या करताना सार्वजनिक जागी गाण्याच्या, नाचण्याच्या, खेळ करण्याच्या मिषानं पैसे मागणं त्यात घातलं. डोंबाऱ्याची पोर दोरीवर चढली तर ती कलावंत की भिकारी, हे पोलिसाच्या मर्जीवर.

*

रिओत कापोएरा मोडला. बाईयात तो टिकला, कारण तिथे तो टोळीपेक्षा बंदराशी जास्त बांधलेला होता. साल्वादोरच्या धक्क्यावर हमाल, कोळी, गाडीवान काम संपल्यावर रविवारी रिंगण धरायचे. गोव्याहून लिस्बनला निघालेली पोर्तुगीज जहाजं पूर्वी याच बंदरात पाणी भरायला थांबत. आपला आंबा आणि फणस पोर्तुगीजांनीच ब्राझीलला नेले. उलट दिशेनं त्यांची भाषा आपल्याकडे आली आणि तिच्यातल्या ‘मेस्त्रे’ या शब्दाचा कोकणात मेस्त्री झाला. कापोएराच्या गुरूलाही मेस्त्रेच म्हणतात. हा मेळ नुसत्या शब्दापुरता नाही, कारण तो गुरूही तसाच: हातानं काम करणारा, तोंडी शिकवणारा आणि पोराला जवळ ठेवून घेणारा.

बाईयातल्या जुन्या मेस्त्र्यांनी आपल्या खेळाला ठेवलेलं लाडाचं नाव ‘वादियासाँव’, म्हणजे उनाडकी. दंडसंहितेत जो शब्द शिवी म्हणून वापरला, तोच यांनी उचलून डोक्यावर घेतला. रविवारी भेटू, जरा उनाडक्या करू, असं म्हणायचं आणि धक्क्यावर जमायचं. १९५४ मध्ये बाईयातल्या कापोएरावर एक छोटा चित्रपट निघाला, त्याचंही नाव हेच.

पोलीस घोड्यांवरून यायचे. १९२० च्या दशकात साल्वादोरमध्ये पेद्रितो या नावानं ओळखल्या जाणाऱ्या अधिकाऱ्याच्या घोडदळाची मोठी दहशत होती. मग खेळणाऱ्यांनी वाद्यावर एक ठेका बसवला, ‘कावालारिया’, हुबेहूब घोड्यांच्या टापांचा. तो वाजला की रिंगण विरघळून जायचं. पोलिसांना कळू नये म्हणून प्रत्येकाला टोपणनाव असायचं. दोन्ही गोष्टी आजही आहेत. घोडे येत नाहीत, पण ठेका वाजतो आणि खरं नाव सोडून टोपणनावानं हाक मारली जाते.

*

१९३७ हे वर्ष या कहाणीत विलक्षण आहे. त्या वर्षी जुलै महिन्यात मानुएल दोस रेइस माशादो ऊर्फ मेस्त्रे बिंबा यांच्या साल्वादोरमधल्या कापोएरा शाळेला सरकारी नोंदणी मिळाली. बिंबांनी हमाली केली होती, कोळसा वाहिला होता, सुतारकाम केलं होतं. शरीरानं धिप्पाड, स्वभावानं करारी. १९३२ पासूनच त्यांनी बंद खोलीत शिकवणी सुरू केली होती. दंडसंहितेत बंदी रस्त्यावरच्या खेळाला होती, चार भिंतींच्या आतल्या ‘शारीरिक शिक्षणा’ला नव्हती. त्यांनी खेळाचं नावही बदललं, ‘बाईयाची प्रादेशिक झुंज’ असं ठेवलं. टप्प्याटप्प्यांचे धडे बसवले. वैद्यकीय महाविद्यालयातली मुलं शिकायला येऊ लागली. १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष व्हार्गस यांच्यापुढे त्यांचा खेळ झाला आणि कालच्या गुन्ह्याला राष्ट्राध्यक्षांनीच राष्ट्रीय क्रीडाप्रकार म्हटलं.

त्याच १९३७ मध्ये जॉर्ज अमादो या तरुण लेखकाची ‘कॅप्टन्स ऑफ द सँड्स’ या नावानं इंग्रजीत ओळखली जाणारी कादंबरी आली. साल्वादोरच्या धक्क्यावर एका पडक्या गोदामात राहणाऱ्या बेघर पोरांची ही गोष्ट. ती चोऱ्या करतात, आजारी पडतात, एकमेकांना सांभाळतात. त्यांना कापोएरा शिकवायला येतो तो ‘देवाचा लाडका’ नावाचा कोळी. हे पात्र काल्पनिक असलं तरी नाव खऱ्या माणसाचं होतं. सामुएल ‘देवाचा लाडका’ हा त्या काळचा बाईयातला नावाजलेला खेळाडू होता. १० नोव्हेंबरला व्हार्गस यांनी हुकूमशाही आणली. १९ नोव्हेंबरला साल्वादोरच्या चौकात पुस्तकांची होळी झाली. तिच्यात या एका कादंबरीच्या ८०८ प्रती जळाल्या.

म्हणजे एकाच शहरात, एकाच वर्षी, चार महिन्यांच्या अंतरानं कापोएराला परवाना मिळाला आणि तो खेळणाऱ्या रस्त्यावरच्या पोरांची गोष्ट जाळली गेली. खेळ चालेल, पोरं नकोत, हा त्या वर्षीचा सरकारी हिशेब.

बिंबांना दोष देणं सोपं आहे, पण त्यांच्या जागी उभं राहून पाहावं. त्यांच्या शाळेत प्रवेशाला अट होती: नोकरी असल्याचा किंवा शिकत असल्याचा पुरावा दाखवा. आपल्या विद्येला चिकटलेला ‘उनाड’ हा डाग त्यांना पुसायचा होता, आणि गोऱ्या, शिकल्यासवरल्या समाजाकडून मान मिळवायचा होता. तो मिळाला. पण त्या अटीमुळे बेनेदितोच्या खिडकीखाली मार खाणाऱ्या पोरासारखा एखादा दारातच अडला असता, हेही तितकंच खरं.

तो पोरगा एव्हाना पन्नाशीला आला होता. नौदलाच्या उमेदवारी शाळेत काढलेली वर्षं, मग हरतऱ्हेची कामं, आणि १९४१ पासून पास्तिन्या पुन्हा कापोएरात. त्यांनी जुन्या, संथ, जमिनीलगतच्या खेळाची बाजू धरली आणि त्याला ‘अंगोला’ हे नाव पक्कं केलं. विद्यार्थ्यांना पिवळा-काळा पोशाख दिला, स्वतःच्या आवडत्या फुटबॉल क्लबच्या रंगांचा. शाळा पेलोरिन्यो भागात. या शब्दाचा अर्थ गुलामांना फटके मारण्याचा खांब. १९६६ मध्ये ते सेनेगलच्या डाकारला कृष्णवर्णीय कलांच्या जागतिक महोत्सवात जाऊन आले. १९७१ मध्ये पेलोरिन्योचं सुशोभीकरण निघालं आणि ऐंशी ओलांडलेल्या, दृष्टी गेलेल्या मेस्त्र्याला जागा सोडावी लागली. ती पुन्हा मिळाली नाही. नोव्हेंबर १९८१ मध्ये वृद्धाश्रमाच्या आश्रयाला असताना ते वारले. बिंबाही त्याआधी, १९७४ मध्ये, बाईयात पोट भरेना म्हणून दूर गोयानियाला जाऊन तिथेच गेले. ज्यांच्या नावावर पर्यटन खातं फलक छापतं, त्यांच्या शेवटाची ही तऱ्हा.

*

रिंगण कसं चालतं ते जवळून पाहिल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

मुख्य वाद्य बेरिंबाव. माणसाच्या उंचीएवढ्या लवचिक काठीला ताण देऊन तार बांधलेली असते, खाली पोखरलेला सुका भोपळा. आपल्या एकतारीचा दूरचा भाऊ म्हणावा, पण दिसायला धनुष्य. तार बहुतेकदा मोटारीच्या जुन्या टायरमधून सोलून काढलेली. डाव्या हातात जुनं तांब्याचं नाणं किंवा गुळगुळीत गोटा, तो तारेला टेकवला की सूर चढतो. उजव्या हातात बारीक छडी आणि तिच्याबरोबर बियांनी भरलेली वेताची खुळखुळ्यासारखी टोपली. भोपळ्याचं तोंड पोटाशी लावलं की आवाज दबतो, दूर नेलं की उमलतो. यातली एकही वस्तू दुकानातून आणावी लागत नाही. टायर, गोटा, काठी, बिया: शहरानं फेकून दिलेल्या गोष्टींतून ते वाद्य उभं राहतं, आणि कचरा वेचणाऱ्या मुलाला त्या कुठे मिळतात हे मेस्त्र्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

तीन बेरिंबाव एका रांगेत. सर्वांत खर्जातला ‘गुंगा’, तो मेस्त्र्याच्या हातात. खेळ सुरू, हळू, जलद, बंद, सगळं तोच ठरवतो. बाकीचे गोल बसतात किंवा उभे राहतात, टाळ्या देतात आणि एकानं म्हटलेल्या ओळीला झील धरतात. दोघं जण गुंग्याच्या पायाशी उकिडवे बसतात, हात मिळवतात आणि कोलांटी घेत आत शिरतात. मग सुरू होतो ‘जिंगा’, एक पाय मागे, पुन्हा समोर, दुसरा मागे, अंग सतत झुलतं, थांबत नाही. एकाची लाथ अर्धचंद्र काढत येते, दुसरा तिच्याखालून निसटतो आणि जमिनीवरून उलट उत्तर देतो. अंगोला पद्धतीत लाथ लावायची नसते. ती कुठे लागली असती एवढं दाखवून थांबवायची, आणि थांबवता येणं हीच तयारी. नजर मात्र एक क्षणही हटवायची नाही.

ज्या गुणांबद्दल पोलीस रस्त्यावरच्या पोराला उचलतात, तेच इथे कसब ठरतात. सावध नजर, हुलकावणी, एका दिशेला बघून दुसरीकडे पळणं, अंगावर आलेल्याच्या बगलेतून निसटणं. या सगळ्याला कापोएरात ‘मालीसिया’ म्हणतात आणि ज्याच्याकडे ती आहे त्याच्याकडे कौतुकानं पाहतात. शाळेत असल्या पोराला पहिल्या दिवशीच कळतं की आपल्याला काही येत नाही. रिंगणात कळतं की निम्मं तर आपल्याला आधीच येतंय.

दुसरी गोष्ट ‘खरेदी’ची. दोघांचा खेळ चालू असताना तिसरा हात पुढे करून मध्ये शिरतो आणि एकाची जागा घेतो. याला खेळ विकत घेणं म्हणतात, आणि किंमत काही नाही. तिसरी, बारशाची. नवशिक्याचा वर्षाकाठी समारंभ होतो, एखादा मेस्त्रे त्याच्याशी खेळून त्याला हलकेच जमिनीवर बसवतो, कमरेला पहिली रंगीत दोरी बांधली जाते आणि टोपणनाव पक्कं होतं. टोपणनावाची ही रीत पोलिसांपासून लपण्यासाठी आलेली. जी मुलं पोलिसांच्या यादीत टोपणनावानंच लिहिलेली असतात, त्यांना इथे त्याच रीतीनं दुसरं नाव मिळतं, आणि ते टाळ्यांच्या गजरात पुकारलं जातं.

*

१९८० च्या दशकात ब्राझीलच्या शहरांत रस्त्यांवर मुलंच मुलं दिसू लागली. लष्करी राजवट संपत होती, महागाई भडकली होती. कायद्याच्या भाषेत ही मुलं नव्हती. ती ‘अल्पवयीन’ होती, आणि वर्तमानपत्रांत हा शब्द फक्त गरिबाच्या पोरासाठी वापरला जाई. १९७९ ची संहिता त्यांना ‘अनियमित स्थितीत’ असलेली म्हणे आणि उचलून कोंडवाड्यासारख्या संस्थांत टाके. १९८५ मध्ये रस्त्यावरच्या मुलामुलींची राष्ट्रीय चळवळ उभी राहिली. पुढच्याच वर्षी मुलं राजधानी ब्राझिलियात जमली, आणि १९८९ च्या दुसऱ्या मेळाव्यात संसदेच्या सभागृहात बसून त्यांनी आपल्याविषयीच्या कायद्याच्या मसुद्याला प्रतीकात्मक मतं दिली. १३ जुलै १९९० रोजी बालक आणि किशोर यांच्या हक्कांचा कायदा झाला. कलम ४०२ ला त्या ऑक्टोबरात बरोबर शंभर वर्षं होणार होती.

त्याच १९९० मध्ये साल्वादोरला ‘प्रोजेतो अशे’ ही संस्था सुरू झाली. चेझारे दे फ्लोरिओ ला रोक्का हे तिचे संस्थापक, जन्मानं इटालियन, पूर्वी युनिसेफमध्ये काम केलेले. अशे हा योरुबा शब्द, अर्थ जीवनशक्ती. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांच्या विचारांवर वाढलेल्या या लोकांनी एक जुनी सवय मोडली: गाडीत घालून मुलं आणायची नाहीत. शिक्षक रस्त्यावर जायचे. पहिल्या टप्प्याला त्यांनी चक्क ‘नजरानजर’ म्हटलं. शिक्षक नुसता तिथे असतो, मुलं त्याला जोखतात. दुसरा टप्पा ‘प्रेमात पडणं’, म्हणजे बोलणं, विश्वास, पुन्हा पुन्हा भेटणं. तिसरा ‘ऊब’, मूल स्वतःहून येऊ लागतं तेव्हाची. आल्यावर भात आणि आंघोळ तर होतीच, पण त्याबरोबर कापोएरा, नाच, ढोल, शिवणकाम, फॅशनसुद्धा. गरिबाच्या पोराला आधी पोटभर, मग सुंदर, हा क्रम त्यांना मान्य नव्हता. दोन्ही एकदम, असा त्यांचा आग्रह. मुलाच्या मनात इच्छा जागी करणं हेच शिक्षण, अशा अर्थानं त्यांनी या पद्धतीला ‘इच्छेचं शिक्षणशास्त्र’ म्हटलं.

ही गोष्ट चैनीची वाटत असेल तर २३ जुलै १९९३ ची रात्र आठवावी. रिओत कांदेलारिया चर्चच्या आवारात झोपलेल्या मुलांवर गाड्यांतून आलेल्या माणसांनी गोळ्या झाडल्या. आठ जण मेले, बहुतेक अठराच्या आतले. या खटल्यात पोलीसच दोषी ठरले. शहरातल्या कितीतरी लोकांच्या लेखी ही मुलं म्हणजे नकोसा कचरा होती. अशा शहरात एखाद्या पोरानं भर चौकात, दिवसाउजेडी, गोल उभ्या माणसांच्या मधोमध अंग झुलवावं आणि लोकांनी टाळ्या द्याव्यात, ही लहान बाब नाही.

तरीही या कामाविषयी भाबडेपणा नको. कोलांटीनं घर मिळत नाही. दुपारी रिंगणात गाजलेलं पोरगं रात्री पुन्हा त्याच फुटपाथवर जातं, तिथे गोंद हुंगणारे मित्र आणि वाटेकरी असतात. परदेशी देणगीदारांना मुलांच्या उड्यांचे फोटो आवडतात आणि फोटोसाठी उडी लवकर शिकवली जाते, गाणं मागे पडतं. तरबेज पोरं पर्यटकांपुढे खेळून पैसे कमावतात, ते वाईट नाही. पण मग मेस्त्रे कोण आणि ठेकेदार कोण, हे प्रत्येक ठिकाणी विचारावं लागतं. मुलींचा प्रश्न तर फार काळ कुणी विचारलाच नाही. तो नीट विचारणाऱ्यांत १९९५ मध्ये साओ पाउलोत सुरू झालेला ‘न्झिंगा’ हा अंगोला गट ठळक आहे. नाव अंगोलाच्या, पोर्तुगीजांशी लढलेल्या राणीचं.

मेस्त्र्यांवरही एक गंडांतर आलं. १९९८ मध्ये शारीरिक शिक्षणाच्या व्यवसायाचा कायदा झाला आणि कापोएरा शिकवायचा तर परिषदेकडे नोंदणी हवी, असा आग्रह त्या परिषदेनं धरला. चाळीस वर्षं शिकवणाऱ्या, पण शाळेची पायरी न चढलेल्या माणसाकडे पदवी मागणं म्हणजे पुन्हा बिंबांच्या दारातली अट, या वेळी गुरूलाच. मेस्त्र्यांनी तिला कडाडून विरोध केला.

२००८ मध्ये ब्राझील सरकारनं कापोएराचं रिंगण आणि मेस्त्र्यांची विद्या राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवली. नोव्हेंबर २०१४ मध्ये पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोनं रिंगणाला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातलं. त्याच वर्षी कॉंगोच्या गोमा शहरात, सशस्त्र टोळ्यांतून सुटून आलेल्या मुलांसाठी युनिसेफच्या साहाय्यानं कापोएराचे वर्ग सुरू झाले. ज्या मध्य आफ्रिकेतून माणसं साखळदंडात बाईयाला नेली, तिथेच हा खेळ पोर्तुगीज गाणी घेऊन परतला, आणि तिथली पोरं ती गाणी पाठ करू लागली. मुंबईतही आता कापोएराचे गट आहेत. बागेत नाहीतर समुद्रकिनारी बेरिंबाव ऐकू आला तर जरा थांबून गोलात उभं राहावं, टाळी द्यायला कुणी नाही म्हणत नाही.

ब्राझीलच्या १९४० च्या नव्या दंडसंहितेतून कापोएराचा गुन्हा गळाला. उनाडपणाचा मात्र गेला नाही. १९४१ च्या किरकोळ गुन्ह्यांच्या कायद्यात कलम ५९ म्हणून तो बसवला गेला, शिक्षा पंधरा दिवस ते तीन महिने साधी कैद. २००९ मध्ये त्या कायद्यातून भीक मागण्याचं कलम काढून टाकण्यात आलं. त्याच्या वरचं, उनाडांचं ५९ वं, तेव्हाही तसंच ठेवलं.